गॅलरीतला आवाज: सामन्याला काय न्यावं, कसं वाजवावं आणि कधी गप्प बसावं

आमच्या गॅलरीतल्या एका पोरानं शिट्टी फुंकली आणि आमचाच बचावपटू जागच्या जागी थांबला. त्याला वाटलं, रेफ्रींनी ऑफसाइड दिला. समोरचा फॉरवर्ड थांबला नाही. गोल झाला. पुढचा आठवडाभर ते पोरगं तालमीच्या कट्ट्यावर फिरकलं नाही. फुटबॉलच्या नियमांत याची सोय आहे, हे आम्हाला नंतर कळलं. प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला असं रेफ्रींना वाटलं, तर ते खेळ थांबवून ड्रॉप बॉलनं, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करतात. पण वाटायला हवं रेफ्रींना, आणि त्या दिवशी त्यांना काही वाटलं नाही.

तेव्हापासून गॅलरीत कोण काय घेऊन येतोय, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, त्यामुळे असल्या कामाला माणूस लागतोच. पण खाली लिहिलंय ते फक्त फुटबॉलपुरतं नाही. गावची कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, कुस्तीचं मैदान, मोठ्या स्टेडियममधली मॅच, सगळीकडे उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न: पंच निकाल डोळ्यांनी देतो की कानांनी?

वाद्य विकत घेण्याआधी हे ठरवा. बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे.

कुस्तीत पाठ टेकली की नाही, हे पंच डोळ्यांनी बघतो. म्हणून हौद्याच्या कडेला हलगी कितीही कडाडली तरी निकालाला धक्का लागत नाही. उलट कुस्ती रंगते. फुटबॉलमध्येही सगळं डोळ्यांवर चालतं, फक्त रेफ्रींची शिट्टी कानांवर. म्हणून निकालाच्या दृष्टीनं फुटबॉलला शिट्टी सोडून काहीही चालतं.

कबड्डीत गोष्ट बदलते. चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ चढाईपटूनं 'कबड्डी कबड्डी'चा उच्चार स्पष्ट आणि सलग करायचा असतो. दम तुटला की नाही, हे पंच कानानं ठरवतो. तुम्ही पंचाच्या मागं बसून त्याच्या कानात भोंगा फुंकलात, तर तो अंदाजानंच निर्णय देणार, आणि अंदाज तुमच्या बाजूनं लागेल याची खात्री नाही. म्हणून चढाई सुरू असताना नुसत्या टाळ्या. पकड झाली, गडी परत आला, गुण लागला, की मग काय हवं ते वाजवा. शेवटच्या चढाईला सगळ्यांचा ताबा सुटतो, माझाही सुटतो, पण निदान पंचाच्या बाजूला बसलेल्यांनी तरी सांभाळावं. शिट्टी इथंही नको, पंचांची शिट्टी तिच्यात हरवते.

खो-खोत पाठीला हात आणि तोंडानं 'खो', दोन्ही लागतं. तिथंही पंचाचा कान मोकळा ठेवा.

क्रिकेटला माझा नियम असा: गोलंदाज धावत येतोय तोवर वाजवत, चढवत न्या. चेंडू हातातून सुटला की थांबा. टेनिस बॉलची कड लागली तर आवाज आधीच बारीक येतो. गल्लीतल्या सामन्यात कडेचा आवाज पकडणारं अल्ट्राएज यंत्र नसतं, अंपायरचा कान असतो. झेल पकडणारा संघ तुमचा असेल, तर त्या अर्ध्या सेकंदाची शांतता तुमच्याच फायद्याची आहे.

आणि एक खेळ असा, जिथं वाजवण्याचा हक्क चेंडूचा असतो. अंध क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी फलंदाजाला तयार आहेस का विचारतो, मग 'प्ले' म्हणून चेंडू टाकतो. पॅरालिम्पिकमध्ये २००४पासून असलेल्या अंधांच्या फुटबॉलमध्येही चेंडू असाच वाजता असतो. चेंडू खेळात असेपर्यंत प्रेक्षकांनी गप्प राहायचं आणि गोल झाला की छप्पर उडवायचं. अशा सामन्याला कुणी बोलावलं तर हात हलवत जा, पिशवीत काही नेऊ नका.

काय न्यावं

हलगी. माझं मत विचाराल तर यादी इथंच संपते. लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. आवाज कोरडा आणि टोकदार असतो, म्हणून हजारो लोकांच्या गलक्यातही तो वेगळा ऐकू येतो. ढोल जवळ बसलेल्याच्या छातीत घुमतो, पण समोरच्या गॅलरीत त्याचा नुसता गडगडाट पोचतो, ठेका पोचत नाही. हलगीचा ठेका पोचतो. खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

पण हलगी ही विकत आणून दुसऱ्या दिवशी वाजवायची वस्तू नव्हे. ती वाजवणारे पिढीजात कलाकार आहेत. त्यांना बोलवायचं असेल तर दोन-चार दिवस आधी सुपारी द्या. बिदागी आधी ठरवा आणि सामना हरलो तरी तेवढीच द्या. हरल्यावर पैसे कापणारी मंडळी मी बघितली आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्या गॅलरीत डबे वाजत होते. कातड्याची हलगी थंडीत किंवा पावसाळी हवेत सैल पडते, ती शेकून घ्यावी लागते. स्टेडियममध्ये जाळ करता येत नाही, म्हणून ती बाहेरच शेकून आणायची आणि मध्यंतरापर्यंत पुरवायची. हल्ली फायबरच्या पानाची हलगी मिळते. ती शेकावी लागत नाही, पावसाला डरत नाही, आवाज मात्र थोडा पत्र्यासारखा येतो. पावसाळ्यात तीच न्या. सोबतीला कैताळ आणि घुमकं असेल तर उत्तम.

झांज. शिकायला सोपी, पोरांना जमते. दोन जोड्या पुरे. दहा झाल्या की हलगी बुडते.

भोंगा. विसर्जनाला आणि जत्रेत मिळतो तो प्लॅस्टिकचा लांब भोंगा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वुवुझेलाचा भाऊच. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकात त्यानं जगाचे कान किटवले. दोष भोंग्याचा नव्हता, संख्येचा होता. वुवुझेला साधारण ६५ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातून जवळजवळ एकच सूर निघतो, साधारण २३३ हर्ट्झचा. हजारो लोकांनी तोच सूर, कुठलाही ठेका न धरता, नव्वद मिनिटं फुंकला, तर टीव्हीवर गांधीलमाश्यांचं पोळं ऐकू येणारच. वाहिन्यांना तो सूर गाळून टाकायची यंत्रणा लावावी लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात युएफा या युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या स्पर्धांमध्ये वुवुझेलावर बंदी घातली. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पन्नास माणसांमागे तीन भोंगे, त्याहून एक जास्त नाही.

फुंकायची पद्धत शंखासारखी. नुसती हवा सोडून वाजत नाही. ओठ मिटून, कडा ताणून, लहान पोरं गाडी चालवताना 'फुर्र' करतात तसे ओठ थरथरवायचे आणि मग भोंगा लावायचा. गाल फुगवू नका, जोर पोटातून येऊ द्या. तोंड पुढच्या रांगेच्या डोक्यावरून वर आभाळाकडे धरा. आणि दुसऱ्याचा भोंगा तोंडाला लावू नका, त्यातून आवाजाइतकीच थुंकीही बाहेर पडते.

फुगवायच्या कांड्या. दक्षिण कोरियातल्या बेसबॉलच्या मैदानांवरून निघून या कांड्या २००२च्या सुमारास अमेरिकेत गाजल्या. आता आपल्याकडे मोठ्या सामन्यात खुर्चीवरच ठेवलेल्या असतात. स्ट्रॉ घालून फुगवा आणि एकमेकींवर आडव्या आपटा. टोकानं टोक वाजवलं तर काही होत नाही. हातात अंगठी असेल तर काढून ठेवा. यांचा एक मोठा गुण म्हणजे रागाच्या भरात फेकल्या तरी कुणाला लागत नाही.

हा गुण वाटतो तितका किरकोळ नाही. २०१४च्या विश्वचषकासाठी ब्राझीलनं 'काशिरोला' नावाचा हातात मावणारा खुळखुळा तयार केला होता. २०१३च्या एप्रिलमध्ये साल्वादोरच्या सामन्यात तो वाटला, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी शेकडो खुळखुळे मैदानात भिरकावले. विश्वचषकाला त्याच्यावर बंदी आली. म्हणून कुठलंही वाद्य नेताना मनाशी विचारा: आपण तीन-शून्यनं हरतोय, रेफ्रींनी पेनल्टी नाकारली आणि हे माझ्या हातात आहे, तर काय होईल? खडे भरलेला पत्र्याचा डबा, स्टीलची थाळी, लाकडी टिपऱ्या या परीक्षेत नापास होतात.

याच कारणानं लाकडी करकराही नको. दांडा फिरवला की दातेरी चाकावर पट्टी आपटून कर्कश्श आवाज येतो, ते खेळणं. इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर एके काळी ते सर्रास असे. तिथं महायुद्धात विषारी वायूचा इशारा देण्यासाठीही हेच करकरे वापरत. चांगला सुतार ओळखीचा असेल तर एक करून घ्या, पण शोकेससाठी.

लहान मुलांसाठी सगळ्यात बरा पुठ्ठ्याचा पंखा. जाड कार्डशीट घ्या, चार-चार सेंटिमीटरच्या उलटसुलट घड्या घाला, एका टोकाला सेलोटेप गच्च गुंडाळून मूठ करा आणि तळहातावर आपटा. फटाफट वाजतो. घड्यांवर संघाचं नाव लिहिता येतं, गेटवर कुणी अडवत नाही, आणि ऊन झालं तर वारा घेता येतो.

गॅसच्या डब्यावरचा एअर हॉर्न आणू नका. तो दाबाखालचा डबा असल्यानं गेटवर जाईल, आणि गेला नाही तर शेजाऱ्याच्या कानाचा पडदा जाईल.

घरी बनवायचा भोंगा

बाजारातल्या भोंग्याला फुंकायचं तंत्र लागतं. हा पडद्याचा भोंगा पाचवीतल्या पोरालाही वाजतो, कारण इथं ओठांचं काम फुगा करतो. लागणारं सामान: वायरिंगचा २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप अर्धा मीटर, औषधाची रुंद तोंडाची प्लॅस्टिकची डबी (साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची), एक फुगा, जुन्या स्केचपेनची नळी, रबरबँड, चिकटपट्टी आणि शेवटी एम-सील.

१. पाइपचं एक टोक अगदी काटकोनात कापा आणि पॉलिशपेपरवर गोल घासून गुळगुळीत करा. इथं आळस केला तर पुढचं सगळं वाया.

२. डबीचं झाकण काढा. बुडाला पाइप घट्ट बसेल एवढंच भोक पाडा. तापवलेल्या खिळ्यानं भोक वाकडं होतं आणि धूरही होतो. ड्रिल असलेल्या इलेक्ट्रिशियनला दोन मिनिटं मस्का लावा.

३. डबीच्या बाजूला, मधोमध, स्केचपेनची नळी बसेल एवढं भोक पाडून नळी आत सारा. ही फुंकायची जागा.

४. घासलेलं टोक पुढं ठेवून पाइप बुडातून आत घाला आणि डबीच्या काठाच्या एक-दोन मिलिमीटर वर येऊ द्या.

५. फुग्याची मान कापून टाका. उरलेलं रबर डबीच्या तोंडावर सुरकुती न पडता बसवा आणि रबरबँड लावा. पाइपचं टोक आतून फुग्याला हलकेच टेकून त्याला किंचित वर उचलत असलं पाहिजे.

६. बुडाजवळची आणि नळीभोवतीची फट चिकटपट्टीनं बंद करा आणि फुंका.

पहिल्या फुंकेत वाजला तर नशीब. नुसती 'फुस्स' हवा गेली, तर पाइप फुग्याला टेकत नाही, तो केसभर वर सरकवा. फुंकून गाल दुखले तरी हवा जात नसेल, तर पाइप फार दाबला गेलाय, थोडा खाली ओढा. चिरकला तर फुगा फार ताणलाय. सूर सापडला की मगच चिकटपट्टी काढून एम-सील लावा. उलट केलंत तर दुसरी डबी शोधावी लागेल.

होतं काय, तर डबीतली हवा दाबानं फुगा उचलते आणि पाइपमधून निसटते. दाब कमी होतो, फुगा परत टोकावर आपटतो. हे सेकंदाला शंभर-दोनशे वेळा होतं. पाइप लांब तितका सूर खर्जातला. म्हणून एकाच लांबीचे तीन बनवू नका. एक ३० सेंटिमीटरचा, एक ४०चा, एक ५०चा बनवा. तिघं एकदम वाजले की एखाद्या जहाजानं बंदर सोडल्यासारखं वाटतं, आणि वुवुझेलाचा एकसुरी कंटाळा येत नाही. आणखी मोठा आवाज हवा असेल तर पाइपच्या मोकळ्या टोकाला कोल्ड्रिंकच्या बाटलीचा वरचा भाग कर्ण्यासारखा बसवा.

ताल कुणी धरायचा

गॅलरी एका माणसाच्या हातात द्या. तो कठड्यापाशी, मैदानाकडे पाठ करून उभा राहील, म्हणजे त्याला सामना दिसणार नाही. हा त्याग करायला कुणी पुढं येत नाही, म्हणून आम्ही दर पंधरा मिनिटांनी माणूस बदलतो.

खुणा तीनच ठेवा. तळहात वर: चढवा. तळहात खाली: उतरवा. मूठ बंद: एकदम थांबा. पहिल्या दोन खुणा पहिल्या दहा मिनिटांत बसतात. तिसरी बसायला दोन मोसम लागतात. मला विचाराल तर गॅलरीचा कस तिथंच लागतो. शंभर माणसं एका मुठीवर गप्प झाली की समोरच्या संघाला जास्त घाम फुटतो.

सुरुवातीला ठेका साधा घ्या: दोन हलगीचे, तीन टाळ्यांचे. वेग सामन्याप्रमाणे हलगीवाल्यालाच ठरवू द्या. कुस्तीत तो जोडीकडे बघत लय वाढवत नेतो आणि चितपट झाली की तोडतो, त्याला शिकवायला जाऊ नका. आपला गोलकीपर किंवा कर्णधार ओरडून सूचना देत असेल, तेव्हा उतरवा. अमेरिकन फुटबॉलचे प्रेक्षक हे काटेकोर पाळतात: आपला संघ चढाईवर असताना शांत आणि पाहुणे चढाईवर आले की कानठळ्या, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकूच येऊ नये. २०१४ साली कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर असाच १४२.२ डेसिबलचा विक्रम झाला. मिसिसिपी राज्य विद्यापीठाचे प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. त्यांच्या साखळीनं १९७४मध्ये असल्या वाद्यांवर बंदी घातली होती, ती २०१०मध्ये एका अटीवर सैल केली: खेळ चालू असताना घंटा बंद.

कान एकदाच मिळतात

८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला पंधरा मिनिटं. वुवुझेलाच्या तोंडाशी १३०च्या आसपास आवाज भरतो. आता हिशोब तुम्हीच करा. घरी आल्यावर कानात 'कुंई' वाजत असेल तर त्या दिवशी प्रमाण ओलांडलं होतं.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. म्हणून वाद्यं वरच्या, मागच्या रांगेत आणि पोरं-म्हातारी चार रांगा सोडून पुढं. बाळाला खांद्यावर घेऊन हलगीशेजारी नाचणाऱ्या बापाला प्रेमानं बाजूला करा.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बहुतेक जण ते नुसते कानात खुपसतात आणि काही उपयोग नाही म्हणतात. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागं ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. लहानग्यांना हेडफोनसारखे इअरमफ बरे. वाजवणाऱ्यांनी तर प्लग घालायलाच हवेत.

गेट आणि दहाचा ठोका

मोठ्या स्टेडियमला जाताना तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा. काठी, लोखंड, काच, लायटर, दाबाचे डबे जवळपास सगळीकडे अडवतात. भोंग्याचं गेटवरच्या माणसावर असतं. हलगीसाठी आयोजकांचं पत्र आधी काढा, नाहीतर कलाकार रस्त्यावर आणि तुम्ही आत, असा लाजिरवाणा प्रसंग येतो.

गावच्या प्रकाशझोतातल्या सामन्यांना वेगळी अडचण असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद. बारापर्यंतची जी सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांची, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांना. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती निदान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, तसं असेल तिथं दिवसाही जपून. फायनल नेहमी लांबते. म्हणून वेळापत्रक करतानाच ती साडेसातला लावा आणि साडेनऊला हलगीवाल्यांना चहा पाजून मोकळं करा. नंतरचा अर्धा तास टाळ्यांवर काढता येतो.

सामना संपला की कठड्यावरचा माणूस मोठी गोणी घेऊन गॅलरीच्या तोंडाशी उभा राहील. भोंगे, झांजा, कांड्या सगळं त्यात पडलं पाहिजे. विशेषतः हरलो असलो तर आधी गोणी, मग गेट. फुटलेल्या कांड्या वेगळ्या काढा. घरी जाऊन भोंग्यांची तोंडं साबणाच्या पाण्यानं धुवा. घरगुती भोंग्यांचे फुगे उतरवून ठेवा, ताणलेलं रबर महिन्याभरात चिरतं. आणि शिट्टी सापडली तर ती गोणीत नको, माझ्याकडे द्या.